लगामाची घुंगरं

चॉसरचा मठवासी घोड्यावर बसून निघाला, की त्याच्या लगामाची घुंगरं वाऱ्यात वाजत आणि मठातल्या प्रार्थनेच्या घंटेइतकी स्वच्छ ऐकू येत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात हा माणूस भेटतो. तुकतुकीत टक्कल, बाह्यांना उंची फर, भाजलेल्या हंसाची आवड आणि पोथीपेक्षा शिकारीत रमणारा जीव. त्याच्या लगामाच्या आवाजासाठी चॉसरने जे क्रियापद योजलं, तेच आजचं ‘जिंगल’. इंग्रजी वाङ्मयातल्या या शब्दाच्या अगदी जुन्या वापरांपैकी हा एक. पुढच्या सहाशे वर्षांत हा शब्द बर्फावरच्या गाडीत बसला, कवींना हिणवायला कामी आला आणि शेवटी दंतमंजनाच्या जाहिरातीत घरोघरी पोचला. एवढा लांबचा प्रवास करूनही तो हलकाच राहिला. मला या शब्दाचा फार लळा आहे.

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी हा उतारा शिकवत असे. वर्गातली बरीचशी मुलं शेतकऱ्यांची. पुस्तकाच्या टिपेत लिहिलेलं असायचं, की त्या काळी ऐपतदार स्वार मिरवण्यासाठी लगामाला घुंगरं लावत. एकदा एका मुलीने विचारलं, “मॅडम, पण देवाच्या माणसाला मिरवायचं कशाला?” मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मिरवायला नाय गं. वळणावर समोरच्या गाडीला कळाय पायजे ना. आमच्या आज्याची गाडी रातची बाजारातनं यायची, तवा आज्जी घुंगरांवरनंच वळखायची, आपलीच बैलं आली म्हणून. मग चुलीवर तवा ठेवायची.”

चॉसर त्या मठवाशाच्या मिरवण्यालाच चिमटा काढतो आहे, याबद्दल मला शंका नाही. एका बाजूला प्रार्थनेला बोलावणारी घंटा, दुसऱ्या बाजूला रानाकडे नेणारी घुंगरं, आणि दोन्ही सारख्याच मोठ्याने ऐकू येतात, हे त्याने मुद्दाम शेजारी ठेवलं आहे. तरीही त्या मुलाचं उत्तर माझ्या मनातून गेलं नाही. घुंगराचं पहिलं काम वर्दी देण्याचं. अंधारात, धुक्यात, वळणापलीकडे कुणीतरी आहे, त्याने दचकू नये, बाजूला व्हावं, किंवा चुलीवर तवा ठेवावा, म्हणून ते वाजतं. शोभा मागून आली.

इंग्रजीत या हलक्या आवाजांचं मोठं गोत आहे. घोड्याच्या साजाला, किल्ल्यांच्या जुडग्याला, खिशातल्या चिल्लरीला जिंगल. पेल्यातल्या बर्फाला, हातातल्या लहान घंटीला, पियानोच्या वरच्या पट्ट्यांना टिंकल. पेल्याला पेला लागला की क्लिंक. घड्याळाच्या सुरेल ठोक्यांना चाइम. चर्चच्या सगळ्या घंटा आनंदाने एकदम सुटल्या की पील, आणि कुणी गेल्यावर एकच घंटा थांबून थांबून वाजते तो टोल. यातल्या जिंगल-टिंकलच्या शेवटी जो ‘ल’ येतो तो जुना प्रत्यय आहे, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या लहानशा क्रियेचा. एकदाच वाजलं तर क्लिंक, वाजत राहिलं तर टिंकल. ताऱ्याचं ट्विंकल आणि ठिणगीचं स्पार्कलही याच घडणीचं, म्हणून इंग्रजी कानाला चमकणं आणि किणकिणणं ही भावंडं वाटतात. मराठी तेच काम शब्द दोनदा म्हणून करते. किणकिण, छुमछुम, खुळखुळ, रुणझुण. लुकलुकही त्यांच्याच ओळीत उभी.

आणखी एक गोष्ट मला वर्गात शिकवताना कळत गेली. जिंगल, टिंकल, क्लिंक, डिंग, पिंग या सगळ्यांच्या पोटात ‘इ’ आहे. त्या ‘इ’चा ‘अॅ’ झाला, की जिंगलचं जॅंगल होतं. किल्ल्या त्याच, पण आता त्या कानाला खुपतात. क्लिंकचं क्लँग झालं, की पेला जाऊन तुरुंगाचं दार येतं. आपल्याकडे काच किणकिणते, नाणं खणखणतं आणि देवळातली घंटा घणघणते. ‘इ’ सरला की आवाज भरतो, ‘क’चा ‘घ’ झाला की तो जड होतो. चिमाजीअप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली त्यांतलीच. तिला कुणीही कधी किणकिण म्हणणार नाही. १९२९मध्ये एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने लोकांना दोन निरर्थक शब्द दिले, ‘मिल’ आणि ‘माल’. दोन्हींचा अर्थ टेबल, एक मोठं आणि एक लहान; तर मोठं कोणतं? बहुतेकांनी ‘माल’कडे बोट दाखवलं. ‘इ’ म्हणताना जीभ वर चढते, तिच्या पुढची पोकळी चिमुकली होते आणि आवाजातले वरचे सूर उठून दिसतात. लहान घंटाही वरच्या सुरातच बोलते. आपण ‘किण’ म्हणतो तेव्हा आपलं तोंडच क्षणभर लहान घंटा झालेलं असतं.

हे सगळं एका कवितेत बांधून ठेवलं आहे एडगर अॅलन पोने. १८४९च्या ऑक्टोबरात तो गेला आणि त्यानंतर त्याची ‘द बेल्स’ ही कविता छापून आली. चार भाग, चार धातू. पहिल्या भागात बर्फावरून धावणाऱ्या गाडीच्या चांदीच्या घंटा, दुसऱ्यात लग्नाच्या सोन्याच्या, तिसऱ्यात आग लागल्याची आरोळी देणाऱ्या पितळी आणि चौथ्यात मयताच्या लोखंडी. जिंगल आणि टिंकल पहिल्या भागात राहतात. लहान घंटेचं लॅटिन नाव टिंटिनाब्युलम, त्यावरून झालेला ‘टिंटिनाब्युलेशन’ हा लांबलचक शब्दही इथेच येतो, आणि तो इंग्रजी वाचकांच्या तोंडी बसला तो या कवितेमुळे. तिसऱ्या भागात जॅंगल आणि क्लँगची घराणी शिरतात. चौथ्यात स्वर खाली खाली उतरत जातात आणि उरतं ते कण्हणं. ही कविता मोठ्याने म्हणताना माझ्या घशात काय होतं ते मी मुलांना दाखवत असे. पहिल्या भागात आवाज दातांच्या मागेच खेळतो, शेवटच्या भागात तो छातीत जाऊन बसतो. एका माणसाचं अख्खं आयुष्य, बालपणीच्या खेळापासून तिरडीपर्यंत, त्याने स्वरांच्या उतरंडीवर मांडलं. रशियन कवी बाल्मोंट याने तिचं रशियन रूपांतर केलं आणि त्यावर राखमानिनोव्हने १९१३मध्ये वाद्यवृंद आणि समूहगायनाची मोठी रचना बांधली. नुसत्या नादाने भरलेली कविता दुसऱ्या भाषेत जाऊन तिथे पुन्हा संगीत होते, याहून तिच्या आतल्या बळाची साक्ष कोणती द्यायची?

आणि याच पोला राल्फ वॉल्डो इमर्सनने ‘जिंगल मॅन’ म्हणून निकालात काढलं. १८६०मध्ये तरुण विल्यम डीन हॉवेल्स इमर्सनच्या भेटीला गेला होता, त्याने पुढे आठवणींच्या पुस्तकात हे नोंदवलं. इमर्सनला म्हणायचं होतं, या माणसापाशी नाद आहे, विचार नाही. ही नापसंती त्याच्याही आधीची आहे. मिल्टनच्या ‘पॅरेडाइज लॉस्ट’ला १६६८मध्ये एक लहानसं निवेदन जोडलं गेलं, यमक का सोडलं ते सांगणारं. त्यात यमकाला त्याने सारख्या शेवटांचा खुळखुळाट ठरवलं आणि शब्द योजला जिंगलिंगच. त्याहीपूर्वी, १६११च्या इंग्रजी बायबलात, करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेम नसलेल्या माणसाच्या बोलण्याला टिंकलणाऱ्या झांजेची उपमा आली. मूळ ग्रीकमधली ती झांज चांगली दणदणीत आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी तिला हलकं केलं, कारण हलकं म्हणजे पोकळ, असं त्यांच्या कानाने धरलं असावं.

मिल्टनविषयी माझ्या मनात फार आदर आहे. दृष्टी गेल्यावर त्याने ते महाकाव्य तोंडाने सांगितलं आणि दुसऱ्यांनी उतरून घेतलं. त्याचा कान किती तयार असेल! तरी यमकाविषयी त्याच्याशी मी सहमत नाही. जात्यावर बसणाऱ्या बायकांपाशी कागद नव्हता, अक्षरही नव्हतं. होतं ते यमक, आणि जात्याची घरघर. त्या खुळखुळाटाला धरून त्यांनी माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास सगळं पिढ्यान्‌पिढ्या वाहून आणलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. तो संग्रह चाळावा, म्हणजे कळतं, की नादाला धरून अर्थ किती लांब जाऊ शकतो.

पोच्या चांदीच्या घंटा कल्पनेतल्या नव्हत्या. बर्फावरची घोडागाडी चाकांवर चालत नाही, तिच्या घसरपट्ट्या ताज्या बर्फावरून आवाज न करता सरकतात, टापाही बर्फात मुक्या होतात. वळणावर समोरून दुसरी गाडी आली तर कळणार कसं? म्हणून घंटा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात तर असं कलमच आहे, की घोडा जुंपलेली बर्फगाडी रस्त्यावर आणायची तर साजाला किमान तीन घंटा हव्यात. कनेटिकटमधल्या ईस्ट हॅम्पटन या गावी विल्यम बार्टनने १८०८मध्ये अशा घंटा करायला सुरुवात केली आणि ते गाव पुढे घंटांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. माझ्या विद्यार्थ्याच्या आज्याला हे कलम वाचून दाखवलं असतं, तर तो म्हणाला असता, यात कायदा कशाला करायचा, ही तर रीत आहे. ब्रिटनमध्ये उलट दिशेने नियम झाले. तिथल्या आइस्क्रीमच्या गाड्या गल्लीत शिरताना एक सुरावट वाजवतात. ती दुपारी बारा ते संध्याकाळी सात याच वेळेत वाजवायची आणि एका वेळी बारा सेकंदांहून जास्त नाही. आजारी माणूस झोपलेला असेल, बाळ निजलेलं असेल. वाजवावं कसं आणि थांबावं कुठे, दोन्ही ठिकाणी विचार समोरच्याचाच.

त्या बर्फगाडीचंच गाणं जेम्स लॉर्ड पिअरपॉन्टने १८५७मध्ये छापलं. मूळ नाव एका घोड्याच्या उघड्या गाडीवरून होतं. ‘जिंगल बेल्स’ हे नाव दोन वर्षांनी आलं. नाताळचा त्यात उल्लेखही नाही. तरुण मुलगा-मुलगी गाडीतून भरधाव निघतात, गाडी कलंडते, हसं होतं, एवढाच मजकूर. पण हे गाणं फार लांब गेलं. १६ डिसेंबर १९६५ला जेमिनी ६ या यानातून वॉली शिर्रा आणि टॉम स्टॅफर्ड पृथ्वीभोवती फिरत होते. त्यांनी खाली गंभीरपणे कळवलं, की उत्तरेकडून दक्षिणेकडे काहीतरी चाललेलं दिसतंय. नियंत्रण कक्षातले लोक सावरून बसतात तोच वरून सूर ऐकू आले. शिर्राने लपवून नेलेला चिमुकला माउथ ऑर्गन आणि स्टॅफर्डच्या हातात लहान लहान घंटा. अंतराळात माणसाने स्वतः वाजवलेलं पहिलं संगीत ते हेच. त्या निर्वात पोकळीत, जिथे यानाबाहेर आवाज म्हणून काही उरतच नाही, तिथे माणसाने आपण इथे आहोत हे सांगायला घुंगरंच नेली, या गोष्टीने मला दरवेळी भरून येतं.

घंटेकडून जाहिरातीच्या गाण्याकडे हा शब्द गेला तो यमकाच्या वाटेने. मार्क ट्वेनने १८७६च्या फेब्रुवारीत ‘अटलांटिक मंथली’त एक गोष्ट लिहिली. घोड्यांच्या ट्रामच्या कंडक्टरने कोणत्या रंगाचं तिकीट पंच करायचं, या नियमावरून कुणीतरी काही ओळी जुळवल्या होत्या. गोष्टीतल्या लेखकाने त्या वाचल्या आणि त्याची भूक, झोप, कामधाम सगळं बसलं. डोक्यात अखंड तेवढंच. अखेर एका धर्मोपदेशक मित्राला त्याने त्या ओळी ऐकवल्या, तेव्हा तो सुटला आणि मित्र अडकला. आज मानसशास्त्रज्ञ याचा रीतसर अभ्यास करतात. केली जाकुबोव्स्की यांच्या २०१७मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, की डोक्यात घर करणाऱ्या चाली सहसा जलद असतात, त्यांचा चढ-उतार ओळखीचा असतो, पण मध्येच एखादी अनपेक्षित उडी असते. ओळखीच्या वाटेवर एकच अनोळखी पायरी. आपल्या गवयांना हे कुणी सांगायला नको.

रेडिओ आला आणि ही ताकद व्यापाऱ्यांच्या हाती गेली. २४ डिसेंबर १९२६ला मिनिआपोलिसच्या डब्ल्यूसीसीओ केंद्रावर चार पुरुषांनी व्हीटीज नावाच्या नाश्त्याच्या पदार्थावर गाणं म्हटलं. गाऊन केलेली रेडिओवरची पहिली जाहिरात म्हणून ते ओळखलं जातं. पुढे कंपनी हा पदार्थ बंद करायच्या बेतात होती, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की विक्रीतला निम्म्याहून मोठा वाटा जिथे ते गाणं ऐकू येतं त्याच भागातला आहे. एनबीसीने तीन सुरांची घंटा वाजवायला सुरुवात केली, आपल्या भाषेत मंद्र पंचम, गंधार आणि षड्ज, आणि १९५०मध्ये ते तीन सूर नोंदणीकृत चिन्ह झाले. पेप्सीने १९४०च्या सुमारास जे गाणं गाजवलं, त्याची चाल एका जुन्या इंग्रजी शिकारगीताची होती. तो मठवासी ऐकता, तर त्याने ताल धरला असता.

सुरावटीने वर्दी द्यायची पद्धत मुंबईला रेडिओच्या आधीपासून ठाऊक होती. १८७८मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर एके काळी सोळा वेगवेगळ्या धून वाजवत असे. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव ठेवलं. असं सांगतात, की आईची दृष्टी गेलेली होती आणि सूर्यास्ताआधी जेवण्याचा तिचा जैन नेम होता. वेळ तिला कानांनी कळावी, एवढीच मुलाची इच्छा. आणि आपल्या गावागावांत तर घुंगरू आणि जाहिरात एकाच यंत्रावर बसलेली आहेत. रसवंतीगृहाच्या चरकाला बांधलेली घुंगरं उन्हाळ्यात लांबूनच सांगतात, इथे सावली आहे, बाकडं आहे, आलं-लिंबू घातलेला थंड रस आहे. पूर्वी चरक बैल ओढायचा, आता मोटर फिरवते. बैल गेला तरी घुंगरं कुणी काढली नाहीत. पाटी कानिफनाथाची असो की नवनाथाची, माणूस वळतो तो त्या आवाजावर.

आमच्या घरी जिंगल आली ती आईच्या स्वयंपाकघरातून. रेडिओ सिलोनवर १९५२पासून बिनाका गीतमाला होती, अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत आणि फिती कोलंबोला जात. मग १ नोव्हेंबर १९६७ला विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली, ती मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. आकाशवाणीवर जाहिरात पहिल्यांदा ऐकली ती महाराष्ट्राने. फडताळावर रेडिओ, खाली पोळपाट, आणि आई पोळ्या लाटताना जाहिरातीच्या चाली गुणगुणायची. तिला गाता येत नाही असं तिचं ठाम मत होतं. मंगळागौरीत मागे बसायची, आरतीत नुसते ओठ हलवायची. पण या चालींपाशी तिला संकोच वाटत नसे. बांगड्या आपोआप ठेका धरायच्या. पुढे या लहान रचनांकडे नीट पाहिलं, तेव्हा कळलं, की त्या तिच्यासारखीसाठीच बांधलेल्या होत्या. सगळी चाल पाच-सहा सुरांत. कुठे श्वास पुरणार नाही अशी लांबी नाही. वस्तूचं नाव नेमकं समेवर. शेवट बहुधा षड्जावर, म्हणजे गाणारीला घरी पोचल्यासारखं वाटावं. आणि हे सारं दहा, वीस, फार तर तीस सेकंदांत. इतक्या थोड्या जागेत स्थायी, अंतरा, ओळख आणि निरोप बसवायचा, हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही.

ते करणारे लोकही तसे नव्हते. वनराज भाटिया मुंबईचे, शिकले लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्यापाशी. परत आल्यावर त्यांनी हजारो जिंगल्स केल्या. हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून निघालेल्या ‘भूमिका’चं संगीत त्यांचं, ‘तमस’चंही त्यांचं, आणि धबधब्याखालच्या लिरिल साबणाच्या मुलीची ती शब्दांवाचूनची लकेरही त्यांचीच. इमर्सनने ज्या दोन शब्दांत पोला हिणवलं, ते शब्द भाटियांना बिरुद म्हणून शोभतात. ए. आर. रहमान यांनी ‘रोजा’च्या आधी कित्येक वर्षं चेन्नईत जिंगल्सच केल्या. परळच्या पेंढरकरांच्या विको वज्रदंतीची चाल थिएटरात मध्यंतरी लागली, की अख्खं सभागृह मनात म्हणायचं. गिरगावात १९५९मध्ये सात जणींनी सुरू केलेल्या लिज्जत पापडाचा ससा रामदास पाध्ये यांनी घडवला, आणि त्या सशाचं हसू आठवत नाही असा माझ्या पिढीत कुणी नसेल.

पण ही झाली ठाऊक असलेली नावं. विविध भारतीवर वर्षानुवर्षं वाजलेल्या मराठी जिंगल्सची यादी करायला मी बसले, तेव्हा चाली भराभर आठवल्या. साबण, चहा, बियाणं, पंप, गोडेतेल, शाळेचे बूट. शब्द जवळजवळ सगळे आठवले. त्या कुणी लिहिल्या, कुणी चाल लावली, कुणाच्या गळ्यातून आल्या, यापुढे मात्र कागद कोरा राहिला. चित्रपटगीताआधी निवेदक तिघांची नावं सांगत असे. जिंगलला नाव सांगायला सेकंदच उरलेले नसत. स्टुडिओत येऊन एका दुपारी चार जिंगल्स गाऊन लोकल पकडणाऱ्या त्या बायका, ढोलकी-बुलबुलतरंग-ग्लॉकेनश्पील वाजवणारे ते हात, ‘वज्र’ला यमक शोधत बसलेला तो कॉपीरायटर, कुणाचीच नोंद नाही. ते गाणं आपल्या स्मरणात ज्ञानोबा-तुकोबांच्या ओळींशेजारी बसलेलं आहे, आणि गाणारी कोण ते आपल्याला माहीत नाही.

जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. ज्यांना आयुष्यात कुणी कवी म्हटलं नाही, त्यांची नावं राईरकर आणि पॉइटविन यांनी मिळवली आणि जपली. हे जिंगलच्या बाबतीतही व्हायला हवं, आणि त्याला फार वेळ उरलेला नाही. सत्तरच्या दशकात स्टुडिओत उभ्या राहिलेल्या बायका आता ऐंशीच्या घरात असतील. तुमच्या घरात, चाळीत, नात्यात अशी कुणी मावशी, आत्या, काका असतील, ज्यांनी कधी रेडिओसाठी वीस सेकंद गायलं, वाजवलं किंवा लिहिलं, तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. चाल म्हणून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, आणि त्याखाली नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.